लेबलवर एकशे पंधरा, माझ्या पेटीत शंभर

माझ्या दुकानाला नाव नाही. पत्र्याची एक पाटी आहे आणि तिच्यावर लाल रंगात लिहिलंय, "वस्तू दाखवल्याशिवाय पिन मिळणार नाही." पाटी लावली तेव्हा पेडण्याचा बाजार हसला. गिऱ्हाइकाला अटी घालणारा हा कोण मोठा लागून गेला? हसणाऱ्यांपैकी दोघांची दुकानं कधीच बंद झाली. मी अजून सकाळी नवाला फळ्या काढतो.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "दत्तूमेस्त, परदेशी गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. लोकांना मजा येईल." मेस्त म्हणजे आमच्याकडे कारागीर. गमती पुष्कळ आहेत, पण मी कोणाला हसवायला बसलेलो नाही. मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, अक्षर माझं खेकड्यासारखं चालतं. संपादकांना शब्द कापायचे ते कापू देत, आकडे मात्र कापू नयेत. माझी अब्रू आकड्यांत आहे.

आधी धंदा सांगतो, कारण तो कोणालाच नीट ठाऊक नाही. आमच्या गोव्यात हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर परदेशी लोक येतात ते आपापली यंत्रं घेऊन येतात. आमची पोरं आखातात, लंडनला, बोटीवर जातात ती इथली यंत्रं घेऊन जातात. प्रत्येक देशाच्या भिंतीतलं भोक वेगळं. इंग्लंडला तीन चपटे दात, अमेरिकेला दोन चपट्या पात्या, बाकी युरोपात बहुतेक दोन गोल काड्या. भोकाप्रमाणे पिन बदलायची, तिला म्हणतात अडॅप्टर. हे झालं सोपं. पण भिंतीच्या आत जे वाहतं ते पिन बदलू शकत नाही. पोर्तुगालचा पासपोर्ट खिशात आला म्हणून आमच्या पोराची हुमणाची, माशाच्या कालवणाची, भूक जाते काय? तसंच ते.

आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट. अमेरिकेत एकशे दहा, पंधरा, वीस. अमेरिकेची वस्तू नुसती पिन बदलून इथे लावली की एकदाच फट् करून आवाज येतो आणि मग ती वस्तू माझ्या मेजावर येते. तिला इथे जगवायचं तर मध्ये कन्व्हर्टर पाहिजे. मी त्याला पेटी म्हणतो. लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. एका बाजूला जितके वेढे, त्याच्या निम्मे दुसऱ्या बाजूला घातले की व्होल्ट निम्मे. वर वार्निश, मग उन्हात सुकवणं. माझी पेटी जड असते. लोक नाकं मुरडतात. आता ऑनलाइन प्लास्टिकच्या पेट्या येतात, मुठीत मावणाऱ्या, वर दोन हजार वॅट छापलेलं. इस्त्री, केस सुकवायचं यंत्र, म्हणजे जे नुसतं तापतं ते तिच्यावर चालेल. जे फिरतं ते लावलंत तर राम म्हणा.

म्हणून माझी अट. वस्तू आण, लेबल दाखव, मग बोलू. मला इंग्रजी येत नाही, पण लेबल येतं.

कोरगावची एक काजूवाली बाई मिक्सर मांडीवर घेऊन बसमधून आली होती. म्हणाली, "मेस्ता, झील कॅनडात आसा. सून म्हणता थंयच्या मशीनात नारळाचां वाटप बारीक होयना. माका पेटी करून दी." मी सांगितलं, इथला मिक्सर तिथे चालवायचा तर उलटी, व्होल्ट दुप्पट करणारी पेटी लागेल, ती नऊ किलोची होईल, विमानात वजन मोजतात. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मगे साड्यो नाका." खरोखरच दोन साड्या घेऊन तीन महिने राहून आली. परत आल्यावर मला फोटो दाखवला. बर्फात उभी, अंगात सुनेची पँट. म्हणाली, "वाटप मात्र गंधासारखां झाला हां." अशी गिऱ्हाइकं असल्यावर दुकान कोण बंद करणार?

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

मी वेढे घालायला शिकलो डिचोलीला, खाणीच्या कंत्राटदाराच्या वर्कशॉपात. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप लागायचे आणि पंपांच्या मोटारी रोज जळायच्या. तिथे जानूमेस्त होता, मये गावचा. माझा उस्ताद. सहा फूट उंच, बोलणं करवतीसारखं. त्याच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. जळलेली मोटार आली की गुंडाळी कापायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, आणि जशी होती तशी नवीन भरायची. जसंच्या तसं. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे खाणीचं काम आटलं, मी पेडण्याला येऊन हे दुकान टाकलं.

दुकान बऱ्यापैकी चालायला लागलं तेव्हा मांद्र्याच्या बाजूला राहणारा एक अमेरिकन म्हातारा आला. पांढरी वेणी, पायात काही नाही. त्याच्याकडे तबकड्या वाजवायचं जुनं यंत्र होतं. त्यावर गाणी लावून तो नाच शिकवायचा. मी लेबल वाचलं, एकशे वीस व्होल्ट. वॅट वाचले. पेटी बांधून दिली. मीटर लावून दाखवलं, एकशे वीस म्हणजे एकशे वीस. चार दिवसांनी म्हातारा परत. हातवारे करून सांगायला लागला की गाणं रेंगाळतं, बाईचा आवाज बाप्याचा येतो. मी परत मीटर लावलं. एकशे वीस. मी त्याला मराठीतून ठणकावून सांगितलं, "पेटी बरोबर आहे. तुझी बाईच रडकी असेल." तो बिचारा हसून यंत्र ठेवून गेला.

पण मला काही चैन पडेना. बसने मयेला गेलो, जानूमेस्ताच्या घरी. ओट्यावर चार माणसं बसलेली. त्याच्या बायकोने, काकीने, मला चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि लेबलवरचे आकडे कागदावर उतरवून नेले होते ते दाखवले. मेस्ताने कागद बघितला.

"आनी हो साठ कसलो?"

"तो मॉडेलचा नंबर असेल."

तो इतका हसला की ओट्यावरची माणसं पण हसायला लागली. "मेल्या, अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे खाता. हंयची पन्नास. मोटार त्या हेलकाव्यांच्या तालार फिरता. तुझी पेटी व्होल्ट बदलता, ताल बदलना. अकरा वर्सां माझ्याकडे रवून तू नक्कल शिकलंस, विद्या शिकूंक नाय. नकल्यो!"

चार माणसांत म्हणाला. माझा चहा अर्धा झाला होता. मी कप ओट्यावर ठेवला आणि उठलो. काकी मागून म्हणाली, "अरे दत्तू, च्या तरी पुरो कर." मी वळून बघितलं नाही.

यंत्र मी दुरुस्त केलं, कोणाला न विचारता. पन्नासाला साठ करायचे म्हणजे पाचाला सहा. मोटारीच्या टोकाची पितळी चकती होती, तिच्यापेक्षा तेवढ्या हिशेबाने मोठी चकती म्हापशाच्या एका लेथवाल्याकडून कातून घेतली. मोटार हळू फिरली तरी तबकडी आपल्या वेगाने फिरायला लागली, बाईचा आवाज बाईचा झाला. पण मोटार तापत होती. मी पेटीतले वेढे दहा-दहाने काढत गेलो, व्होल्ट एकशे दहा केले, शंभर केले. शंभरला ती गार राहिली. का, ते मला माहीत नव्हतं. भिंतीवर खडूने लिहून ठेवलं, "साठाची मोटार पन्नासावर, व्होल्ट कमी दे." म्हातारा अमेरिकन दुकानासमोर रस्त्यावर नाचून गेला.

मयेला मात्र मी पुन्हा गेलो नाही. वर्षावर वर्षं गेली. काकी वारली तेव्हा निरोप आला होता. शर्ट घातला, बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. हे मी चुकलो. बाकी कशाबद्दल कोणाची माफी मागायची मला गरज वाटत नाही, पण त्या माउलीच्या हातचा चहा टाकला आणि तिच्या मातीलाही गेलो नाही, हे माझ्याकडून झालं.

दोन वर्षांमागची गोष्ट. दुकानासमोर गाडी थांबली आणि जानूमेस्ताची मुलगी शैला उतरली. डिचोलीला शाळेत शिकवते. लहान असताना वर्कशॉपात बापाचा डबा घेऊन यायची, म्हणून मी ओळखली.

"दत्तूकाका, बाबांना श्वास पुरत नाही. खाणीची धूळ छातीत बसली आहे. हॉस्पिटलात ठेवलं होतं, तर सही करून घरी आले. म्हणतात, परत नेलंत तर वाटेत गाडीतून उडी टाकीन."

"टाकील," मी म्हटलं. "तो टाकणाराच आहे."

घरी दोन सिलिंडर उरले होते, म्हणजे जेमतेम दोन दिवस. हवेतून ऑक्सिजन काढायचं इथलं मशीन मागवलं होतं, फोंड्याच्या दुकानदाराने आठ दिवस सांगितले. तिचा भाऊ अमेरिकेत, त्याने तिकडचं जुनं मशीन कोणाबरोबर तरी पाठवलेलं. तेच तिच्या गाडीत मागच्या सीटवर होतं. तिच्या नवऱ्याने, प्रशांतने, ऑनलाइन प्लास्टिकची पेटी मागवून ते लावून बघितलं. दोन मिनिटांत पेटीला जळका वास. नशीब, मशीन वाचलं.

"बाबांनीच मला इथे पाठवलं," शैला म्हणाली.

"काय म्हणाला?"

ती जरा घुटमळली. "म्हणाले, पेडण्याच्या त्या नकल्याकडे ने."

मी मशीन मेजावर घेतलं. लेबल वाचलं. एकशे पंधरा व्होल्ट. आणि खाली साठ. या वेळी साठ मला पहिला दिसला.

मोठा गठ्ठा काढला, कारण मोटार सुरू होताना जोरात ओढते. आत आहे तो हवा दाबायचा पंप, म्हणजे फिरणारी वस्तू. दोनशे तीसला चारशे चौदा वेढे. दुसऱ्या बाजूला मी दोन टोकं काढली, एक एकशे पंधराचं आणि एक शंभराचं. हाताने फिरवायचं माझं वाइंडिंग मशीन आहे, दात पडलेलं, पण एक वेढा चुकत नाही. संध्याकाळपर्यंत गुंडाळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत आला. कारखान्यात इंजिनीयर आहे, सरळ माणूस. पण शिकलेला, म्हणजे लेबलावर श्रद्धा.

मी मशीन शंभरच्या टोकाला जोडायला घेतलं तर त्याने माझा हात धरला. "काका, लेबलवर एकशे पंधरा लिहिलंय. कमी व्होल्ट दिले तर मोटार जास्त करंट ओढते आणि जळते. हे पुस्तकात आहे."

"लेबल लिहिणाऱ्याने पेडण्याची वीज बघितली नव्हती."

"काका, हा खेळ नाही. माणसाचा जीव आहे."

"म्हणूनच सांगतोय. माझ्या उस्तादाचा आहे तो जीव."

शैला मधे उभी. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मी. तिने एवढंच विचारलं, "दोन्ही लावून बघता येईल?"

शाळामास्तरीण ती, शहाणी. आधी प्रशांतचं एकशे पंधरा लावलं. मशीन घुमायला लागलं. तासाभराने मी त्याला म्हटलं, "झाकण उघडून पंपाच्या अंगावर हात ठेव." त्याने ठेवला, तीन मोजेपर्यंत काढला. मग बंद करून गार होऊ दिलं. मग शंभर लावलं. तास झाला. त्याने हात ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला. खिशातून आपलं करंट मोजायचं मीटर काढलं, लावलं, परत लावलं. एकशे पंधरापेक्षा करंट कमी. मग तो माझ्या स्टुलावर बसला, कागद मागितला आणि गणित करत बसला.

"काका, पुस्तकातलं ते इथल्या मोटारीचं. ही साठाची आहे. एकशे पंधरा गुणिले पन्नास, भागिले साठ. पंच्याण्णव-शहाण्णव येतात." त्याने वर बघितलं. "तुमचे शंभर कुठून आले?"

मी त्याला हाताचा तळवा दाखवला.

तो हसला. मला तो तेव्हापासून आवडतो.

पण एक गोष्ट मी त्या दोघांना आधीच सांगितली. मोटार गार राहील, पण फिरेल हळू. साठाची हवा पन्नासात निघणार नाही. ऑक्सिजन कमी पडेल. किती कमी, ते मला सांगता येणार नाही, ते डॉक्टरने बघायचं. चकती बदलून इथे भागणार नव्हतं. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगायचं, हेही धंद्यात येतं.

गाडीत पेटी मी माझ्या मांडीवर घेतली. सोळा किलो. प्रशांत म्हणाला मागे ठेवा, मी ठेवली नाही.

मयेला ओटा तसाच होता. जानूमेस्त आत, तळ्याकडच्या जनेलाशी, खिडकीशी, कदेलवर म्हणजे खुर्चीवर बसलेला. सहा फुटांचा माणूस उशीसारखा झाला होता, नाकात सिलिंडरची नळी. मी दारात उभा राहिलो. त्याने डोळे किलकिले केले.

"आयलो मरे, नकल्यो."

"आयलंय."

डॉक्टर आला होता. त्याने मशीन लावलं, मेस्ताच्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा बघत खुर्ची ओढून बसला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. आधी तो दोन घरं उतरला. शैलाने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? डॉक्टरने मशीनवरची कळ थोडी वाढवली. आकडा थांबला, मग चढला, आणि तिथेच राहिला. डॉक्टर तासभर बसून म्हणाला, "बसून असताना एवढं पुरेल. नवीन मशीन येईपर्यंत उरला आहे तो सिलिंडर बाजूला ठेवा, मी रोज येऊन बघतो." सिलिंडरची किल्ली त्याने स्वतः बंद केली.

आठ दिवसांनी फोंड्याचं मशीन आलं. त्यावर मेस्त सव्वा वर्ष जगला, घरात, आपल्या कदेलवर. हॉस्पिटलाचं तोंड परत बघितलं नाही. माझी पेटी शैलाने परत आणून दिली. ती माझ्या मेजाखाली आहे. कालच एक जण विचारत होता, विकायची काय. म्हटलं, वस्तू दाखव. त्याच्याकडे वस्तूच नव्हती, त्याला नुसती पेटी स्वस्तात पाहिजे होती. पाटी दाखवून वाटेला लावला. लोक सांगतात, आता सगळ्या चार्जरना कुठलीही वीज चालते, मेस्त, तुमचा धंदा मेला. चार्जरना चालते, खरं आहे. पण जगात जोपर्यंत काहीतरी फिरतं आहे तोपर्यंत मी फळ्या काढणार.

त्या दिवशीचं थोडं राहिलं. डॉक्टर गेला, प्रशांत त्याला सोडायला गेला. मेस्ताने मला जवळ बोलावलं आणि हात पेटीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. ती घुमते कशी ते तो तळव्याने ऐकत होता, मला ठाऊक होतं, मला तसं ऐकायला त्यानेच शिकवलं.

"कितीचां टोक लायलंस?"

"शंभराचं."

"लेबलार?"

"एकशे पंधरा."

तो दम घ्यायला थांबला. "मगे शंभर तुका कोणी सांगलां?"

"कोणी नाही."

त्याने मान हलवली. बरं की वाईट, काही कळेना. मग म्हणाला, "वेढे कमी घालून तार वाचयलंस, मेल्या." मी म्हटलं, "मेस्त, काकी गेली तेव्हा मी आलो नाही." तो जनेलातून तळ्याकडे बघत राहिला. बोलायला श्वास गोळा करत होता की काय, देव जाणे. मग आत हाक मारली.

"शैला, ह्याका च्या दी गे. आनी पुरो पिल्याबगर उठूंक दिवं नाका."

चहा आला. ओतलेला होता काठोकाठ. मी तिथेच जमिनीवर बसून प्यालो, आणि कप उपडा करून त्याला दाखवला.